पिल्ले देणारे मासे घरी पाळताना : गप्पी, मॉली आणि प्लॅटीसाठी पाण्याची व जागेची तयारी

माशांच्या दुकानात गप्पीची जोडी मागितली की दुकानदार जाळीने जी मादी उचलून देतो, ती बहुधा आधीच गाभण असते. दुकानातल्या टाकीत नर आणि माद्या आठवडेच्या आठवडे एकत्र राहिलेल्या असतात, आणि या माशांची मादी एकदा समागम झाल्यावर नराचे बीज शरीरात साठवून ठेवते व पुढचे कित्येक महिने, नर जवळ नसला तरी, पिल्ले देत राहते. त्यामुळे पिशवीत दोनच मासे आहेत असे धरून जो टाकी निवडतो, त्याला दोन-तीन महिन्यांत जागा पुरेनाशी होते.

गप्पी, एंडलर, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे सगळे एकाच कुळातले मासे. यांची मादी पाण्यात अंडी घालत नाही. अंडी तिच्या पोटातच वाढतात, पिल्ले अंड्यातल्या बलकावर पोसली जातात आणि पूर्ण वाढ झाल्यावर सहा-सात मिलिमीटरचे, डोळे उघडे असलेले, पोहू शकणारे पिल्लू बाहेर येते. मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. गप्पीचे शास्त्रीय वर्णन 1859 मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी केले, आणि 1866 मध्ये रॉबर्ट गप्पी यांनी त्रिनिदादहून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवल्यावर त्यांचे आडनाव या माशाला चिकटले. आपल्याकडे मात्र हे नाव घरोघरी पोचले ते डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून, विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये सोडले जाणारे गप्पी म्हणून.

हे मासे 'सोपे' म्हणून विकले जातात, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत जास्त नुकसान या एका शब्दाने होते. पाणी आधी तयार केले आणि पिल्लांच्या संख्येचा विचार आधी केला, तर ते खरोखर सोपे आहेत. मी ठाण्यातल्या नौपाड्यात राहतो. माझी पहिली टाकी आणि पहिले बारा गप्पी मी एकाच संध्याकाळी घरी आणले, कारण लगेच मासे सोडायला हरकत नाही असे मला दुकानात सांगण्यात आले होते. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले आणि दोन आठवड्यांनी त्यांतले चार उरले. पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ होते. तेव्हा जे मला ठाऊक नव्हते, ते या लेखात सविस्तर लिहितो.

टाकी कोणती आणि कुठे

सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घ्यावी. वरची थोडी जागा आणि तळाची रेती वगळता तिच्यात सुमारे 45 ते 50 लिटर पाणी राहते. फ्लॅटमध्ये जागा कमी म्हणून टेबलावरचे गोल काचेचे भांडे किंवा दहा लिटरची पेटी घेण्याचा मोह होतो, परंतु कमी पाण्यात घाण लवकर साठते आणि तापमान लवकर चढते-उतरते, त्यामुळे नवख्या माणसाला छोटी टाकीच जास्त अवघड जाते. मॉली आणि स्वोर्डटेल अंगाने मोठे होतात. त्यांच्यासाठी तीन फुटांची टाकी धरून चालावे.

पाणी, रेती आणि काच मिळून दोन फुटी टाकीचे वजन साठ-सत्तर किलोपर्यंत जाते, म्हणून ती टीव्हीच्या पोकळ कपाटावर ठेवू नये. पक्का सपाट स्टँड घ्यावा, टाकीखाली थर्माकोलचा पत्रा घालावा आणि भरण्यापूर्वी पाणसळ लावून पाहावी. पश्चिमेच्या उन्हाची खिडकी टाळावी, कारण त्या उन्हाने एप्रिल-मेमध्ये पाणी तापते आणि काचांवर शेवाळ धरते. नवीन टाकी दोन दिवस पाण्याने भरून, खाली वर्तमानपत्र अंथरून गळती तपासावी. वरून जाळी किंवा ॲक्रिलिकचे झाकण हवेच, कारण गप्पी आणि विशेषतः स्वोर्डटेल उडी मारतात.

फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर मला सर्वांत योग्य वाटतो. तो स्वस्त असतो, त्याचा प्रवाह संथ असतो आणि त्यात पिल्ले ओढली जात नाहीत. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते, तेथून बोर्डापर्यंतही जाऊ शकते. त्यासाठी नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, आणि प्रत्येक वायरीला प्लगच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली ठिबकते, प्लगमध्ये जात नाही.

पाणी

ठाण्यात नळाला येणारे पाणी मुख्यतः भातसा नदी आणि बारवी धरणाच्या योजनांमधून येते, आणि नवी मुंबईच्या बहुतेक भागाला मोरबे धरणाचे पाणी मिळते. ही सगळी धरणे सह्याद्रीच्या पावसावर भरतात, त्यामुळे हे पाणी बोअरवेलच्या पाण्याच्या मानाने हलके असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी असतात. आपल्याला प्यायला ते उत्तम, पण गप्पी, प्लॅटी आणि मॉली यांना जड पाणी मानवते. त्यांना 7 ते 8 च्या दरम्यानचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, आणि जीएच या मापाने 8 ते 12 किंवा त्याहून थोडा जास्त जडपणा हवा असतो. हलक्या पाण्यात मॉली काही आठवड्यांतच एका जागी उभी राहून अंग डावी-उजवीकडे डोलवू लागते, पंख मिटून घेते आणि खाणे सोडते. पुष्कळ लोक याला आजार समजून औषधे घालतात. पाण्यातले क्षार वाढवल्यावर ती बहुतेक वेळा सावरते.

क्षार वाढवण्याची सोय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आगरी-कोळी घरांत किंवा कोकणातल्या माणसांकडे तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) आणल्या जातात, त्यांचे शिंपले टाकून देऊ नयेत. आतला मांसाचा प्रत्येक धागा जुन्या टूथब्रशने खरवडून काढावा, शिंपले वीस मिनिटे नुसत्या पाण्यात उकळावेत, मीठ-मसाला लागलेले मुळीच वापरू नयेत, आणि तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवावेत. वाळलेला शिंपला नाकाशी धरला असता समुद्राचा वास येता कामा नये. वास येत असेल तर पुन्हा उकळावा. मग फडक्यात गुंडाळून वरवंट्याने जाडसर भरड करावी आणि 50 लिटरच्या टाकीसाठी दोन मुठी भरड जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ ठेवावी. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की तो जास्त विरघळतो आणि पाणी अल्कधर्मी झाले की विरघळणे मंदावते, त्यामुळे मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. प्रवाळाचे तुकडे वापरण्याचा सल्ला परदेशी व्हिडिओंमध्ये दिला जातो, परंतु प्रवाळाला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि तिसऱ्यांचे शिंपले तेच काम करतात.

यावरून एक गोष्ट ओघानेच येते. आरओच्या यंत्राचे पाणी या माशांना वापरू नये. 'पिण्याचे शुद्ध पाणी घालतो, तरी मासे मरतात' ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. या माशांना जे क्षार हवे असतात, तेच आरओ काढून टाकतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते माशांच्या कल्ल्यांना जाळते. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवले, आणि त्यात हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर त्याहूनही लवकर, साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे थेंब, म्हणजे मुख्यतः सोडियम थायोसल्फेट, बाटलीवरच्या प्रमाणात घालावे. सोसायटीची गच्चीवरची टाकी धुतली जाते त्या दिवशी ब्लीचिंग पावडरचे प्रमाण बेभरवशाचे असते. त्यानंतर निदान दोन दिवस माशांचे पाणी बदलू नये, आणि बदलणे भागच असेल तर थेंब वापरल्यावाचून बदलू नये. सोसायटीच्या फलकावर ही सूचना लागते, ती वाचायची सवय लावून घ्यावी.

बादलीत साठवलेले पाणी मात्र कधीही उघडे ठेवून विसरू नये. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. माशांच्या टाकीत अळी जगत नाही, गप्पी ती खाऊन टाकतात, पण शेजारच्या बादलीत ती वाढते. पहिल्या दिवसानंतर बादलीवर कापड बांधावे आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून बादली घासून वाळवावी.

आता त्या गोष्टीकडे वळतो, जिच्यापायी माझे पहिले मासे गेले. माशांची विष्ठा, लघवी आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे त्यामानाने पुष्कळ सौम्य असते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर, रेतीवर आणि वनस्पतींवर वसतात आणि नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. ते वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात काही वेळा थोडे लवकर होते. म्हणून टाकी, रेती, फिल्टर आणि वनस्पती लावून पंप चालू ठेवावा आणि मासे न आणता रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. थेंबांचा चाचणीसंच घेऊन आठवड्यातून दोनदा पाणी तपासावे. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते, मग तेही उतरते. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे अशा मित्राकडून वापरातल्या स्पंजाचा एक तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरजवळ ठेवला, तर हा काळ निम्म्यावर येतो. तसा मित्र असेल तर पैसे देऊन मिळणाऱ्या कोणत्याही बाटलीपेक्षा तो तुकडा मागावा.

अमोनियाबद्दल आणखी एक सांगावेसे वाटते. पाण्याचा पीएच जितका जास्त आणि पाणी जितके गरम, तितका तोच अमोनिया अधिक घातक होतो. शिंपले घातलेले, मे महिन्यातले ठाण्याचे पाणी या दोन्ही अर्थांनी तसे असते. म्हणून आपल्याकडे अमोनियाचा आकडा थोडासा दिसला तरी त्याच दिवशी तीस-चाळीस टक्के पाणी बदलावे.

मासे निवडणे आणि घरी आणणे

नर आणि मादी ओळखणे कठीण नाही. गप्पीचा नर लहान, अडीच-तीन सेंटिमीटरचा आणि रंगीत असतो. मादी त्याच्या दीडपट ते दुप्पट, पोटाने जाड आणि फिकट असते. मॉली आणि प्लॅटीमध्ये रंग दोघांनाही असतात, तेव्हा पोटाखालचा, शेपटीकडचा पंख पाहावा. मादीचा पंख पंख्यासारखा पसरलेला असतो, तर नराचा गुंडाळून काडीसारखा झालेला असतो. नर मादीच्या मागे लागतो तेव्हा ही काडी क्षणभर पुढे वळवतो. दोन मिनिटे टाकीसमोर उभे राहिले की ती हालचाल दिसतेच.

पहिल्यांदा पाळणाऱ्याला माझा सल्ला असा आहे की फक्त नर घ्यावेत. दोन फुटी टाकीत गप्पीचे आठ-दहा नर अतिशय देखणे दिसतात आणि पिल्लांचा प्रश्न सहा महिने लांबणीवर पडतो. तेवढ्या काळात पाणी सांभाळण्याचा हात बसतो. नर-माद्या एकत्र ठेवायच्या असतील तर एका नरामागे दोन किंवा तीन माद्या घ्याव्यात, कारण एकटी मादी नराच्या सततच्या पाठलागाने खंगते. एका टाकीत गप्पी आणि एंडलर, तसेच प्लॅटी आणि स्वोर्डटेल एकत्र ठेवले तर त्यांचा संकर होतो, हे जात शुद्ध ठेवू इच्छिणाऱ्याने लक्षात ठेवावे. फायटर आणि टायगर बार्ब गप्पीच्या लांब शेपट्या कुरतडतात, आणि एंजल पिल्ले गिळतो. तळाशी फिरणारे कोरिडोरस मात्र गुण्यागोविंदाने राहतात.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये निवड मोठी असते. पण मासे आणायचे असतील तर दुपारची लोकल धरावी. सीएसएमटीहून ठाण्याला तासाभराचा प्रवास आहे आणि गर्दीच्या वेळी पिशवी सांभाळणे कठीण जाते. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा असावी. ती वर्तमानपत्रात गुंडाळून जुन्या थर्माकोलच्या डब्यात ठेवली की अंधारात मासे शांत राहतात. दुकानात पाहायचे ते एवढेच : ज्या टाकीत एकही मेलेला, पंख मिटलेला किंवा पोट खपाटीला गेलेला मासा आहे, त्या टाकीतला दुसरा कितीही सुंदर मासा घेऊ नये. घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतले अर्धी वाटी पाणी पिशवीत घालावे. अर्ध्या-पाऊण तासाने मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत आणि पिशवीतले पाणी ओतून द्यावे. आधीपासून मासे असतील तर नव्यांना वेगळ्या लहान टाकीत तीन आठवडे ठेवावे. हा वेळ वाया गेला असे कोणालाही वाटेल, पण रोग घरात येतो तो नव्या माशाबरोबरच.

रोजचे आणि आठवड्याचे काम

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. गप्पी सदैव भुकेले दिसतात. माणूस समोर आला की काचेशी धावतात, आणि तेवढ्यावरून त्यांना भूक लागली आहे असे समजू नये. या माशांना वनस्पतिजन्य आहारही लागतो, विशेषतः मॉलीला. उकडून साल काढलेला मटार बोटाने कुस्करून द्यावा, पालकाचे पान उकळत्या पाण्यातून काढून टाकीत लटकवावे. काचेवरचे थोडे शेवाळ मुद्दाम राखावे, मॉली दिवसभर ते टिपत राहते.

आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी, म्हणजे 50 लिटरमधले बारा लिटर, तळाच्या घाणीसह नळीने ओढून काढावे आणि साठवलेले, त्याच तापमानाचे पाणी हळूहळू भरावे. स्पंज फिल्टर दोन-तीन आठवड्यांतून एकदा, टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात हाताने दाबून धुवावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. काढलेले पाणी कुंडीतल्या तुळशीला आणि मोगऱ्याला घालावे, झाडे जोमाने वाढतात.

पिल्ले

गप्पीची मादी साधारण 22 ते 30 दिवसांनी पिल्ले देते. मॉलीला याहून अधिक, महिना-दीड महिना लागतो. एका वेळी लहान मादी दहा-पंधरा, तर भरलेली मोठी मादी पन्नासहूनही अधिक पिल्ले देते. दिवस भरत आले की पोट गोल न राहता पुढून चौकोनी दिसू लागते, शेपटीकडच्या पंखाजवळचा गडद डाग मोठा व काळा होतो, आणि मादी कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे एकटी राहू लागते.

पिल्लांचा जन्म मी बहुधा पहाटे, दिवा लावण्यापूर्वी पाहिला आहे. मादी वनस्पतीच्या आडोशाला थांबते, अंग किंचित शहारल्यासारखे होते आणि एक बारीक, डोके आणि शेपटी जुळवून दुमडलेला गोळा तिच्याखाली पडतो. तो दोन-तीन इंच खाली जातो, मध्येच उलगडतो, क्षणभर रेतीवर निपचित राहतो आणि मग एकदम टिचकी मारल्यासारखा वनस्पतीच्या झुबक्यात शिरतो. आधी दिसतात ते दोन काळे डोळे. बाकीचे अंग काचेसारखे पारदर्शक असते. काही मिनिटांनी दुसरे येते. आई मागे वळून त्यांच्याकडे अन्न म्हणूनच पाहते, म्हणून पहिल्या उडीत आडोसा सापडला तर पिल्लू वाचते.

त्यासाठी दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची प्रसूतीची डबी मी वापरत नाही. तेवढ्याशा जागेत कोंडलेली मादी घाबरते, आणि दिवस भरण्यापूर्वी हलवली तर बलकाची पिशवी पोटाला लोंबणारी, अपुऱ्या वाढीची पिल्ले टाकते. त्याऐवजी टाकीचा एक तृतीयांश भाग जावा मॉस, हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रासने गच्च भरावा आणि वर गोंडाळासारखी तरंगणारी वनस्पती सोडावी, तिच्या लोंबत्या मुळांत पिल्ले लपतात. मात्र वनस्पती तळ्यातून उपटून आणू नये, तिच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लांना एकेक करून खातात. दाट वनस्पतीत थोडी पिल्ले वाचतात, थोडी खाल्ली जातात, आणि टाकीचा तोल राखायला ते योग्यच आहे असे माझे मत आहे. सगळी वाचवायची असतील तर जन्मानंतर पिल्ले कपाने उचलून दहा-पंधरा लिटरच्या वेगळ्या टाकीत, त्याच पाण्यात, लहान स्पंज फिल्टर लावून ठेवावीत.

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा बोटाने पूड केलेले खाद्य चिमटीने द्यावे. सर्वांत चांगले खाद्य म्हणजे ताजी उबवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची पिल्ले. तिची अंडी आणून घरीच उबवता येतात. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम मीठ घालून त्यात पाव चमचा अंडी सोडावीत आणि बाटली उलटी टांगून खालून हवा द्यावी. आपल्या हवेत 24 ते 36 तासांत नारिंगी ठिपके हलू लागतात. ते बारीक कापडातून गाळून, साध्या पाण्याने धुऊन द्यावेत. उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची जुनी पद्धत आहे, पण बलक पाणी फार लवकर नासवतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात नराचा पंख काडीसारखा होऊ लागतो. त्याच आठवड्यात नर वेगळे करावेत, कारण दोन-अडीच महिन्यांच्या बहिणीसुद्धा गाभण राहतात. तीन माद्यांनी महिन्याला तीस-तीस पिल्ले दिली तर नव्वद होतात, आणि त्यांतली तिसरा हिस्सा जरी वाचली तरी तीन महिन्यांत दोन फुटी टाकी भरून वाहते. मासे नेणारे तीन-चार मित्र आणि मोबदल्यात खाद्य देऊन पिल्ले ठेवून घेणारे एखादे दुकान, यांच्याशी आधीच बोलून ठेवावे.

मे महिना, पावसाळा आणि गणपती

हीटरची आपल्याकडे सहसा गरज पडत नाही, 24 ते 28 अंशांचे पाणी या माशांना मानवते आणि जानेवारीतही बंद खोलीतले पाणी फारसे त्याखाली उतरत नाही. काळजी घ्यायची ती उन्हाळ्यात. मे महिन्यात पाणी 31-32 अंशांवर जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून जाळी ठेवावी, लहान टेबलफॅन पृष्ठभागावर तिरका लावावा म्हणजे बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते, आणि उडून गेलेले पाणी रोज भरावे. बर्फ थेट टाकू नये. दुरुस्तीसाठी काही तास वीज बंद राहिली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप उपयोगी पडतो, म्हणून तो एप्रिलमध्येच आणून ठेवावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाचे पाणी गढूळ येते, त्यात क्लोरीनही जास्त जाणवते. त्या दिवसांत एका वेळी कमी पाणी बदलावे, पण जास्त वेळा बदलावे.

गणपतीला गावी जाणाऱ्यांनी मोठ्या माशांची चिंता करू नये. धडधाकट गप्पी पाच-सहा दिवस खाद्यावाचून सहज राहतात, वनस्पती असतील तर आणखी राहतात. जाण्यापूर्वी दोन दिवस आधी पाणी बदलावे, दिवा टायमरवर ठेवावा आणि पंप मात्र बंद करू नये. शेजाऱ्यांना सांगायचेच असेल तर खाद्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नये. माणूस प्रेमाने जास्त घालतो आणि आपण रत्नागिरीत असताना इकडे पाणी नासते. वर्तमानपत्राच्या कागदात एकेका वेळचे खाद्य मोजून पुड्या बांधाव्यात, प्रत्येक पुडीवर वार लिहावा.

रोगांविषयी थोडक्यात. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो परजीवी असतो. लिटरमागे 1 ते 2 ग्रॅम खडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन दिवसांत विभागून घालावे, पाणी हळूहळू 30 अंशांपर्यंत न्यावे आणि ठिपके गेल्यावरही उपचार चालू ठेवून निदान दहा-बारा दिवस पूर्ण करावेत, कारण परजीवी फक्त पाण्यात मोकळा फिरत असतानाच मरतो. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही, म्हणून वाढीव पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नये. नाजूक वनस्पती मात्र मिठाने कोमेजतात. शेपटीखालून लाल बारीक धाग्यासारखे काही लोंबताना दिसले तर ते आतड्यातले जंत असतात, त्यावर मीठ चालत नाही. जंतांचे औषध पशुवैद्याला विचारूनच द्यावे.

जास्तीच्या माशांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. ते ठाण्याच्या मासुंदा तलावात, उपवन तलावात, येऊरच्या ओढ्यात किंवा नवी मुंबईतल्या कोणत्याही तळ्यात सोडू नयेत. तेथे आधीच आपले स्थानिक मासे आहेत. डोक्यावर चकाकता ठिपका असलेला छोटा पॅनचॅक्स डासांच्या अळ्या खाण्याचे काम पूर्वीपासून करतो आहे. गप्पी त्याच्या खाद्यावर आणि जागेवर हक्क सांगतात, आणि घरच्या टाकीतला रोगही बरोबर घेऊन जातात. मासे द्यायचे असतील तर माणसालाच द्यावेत. देण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. एका पिशवीत चार-पाचांपेक्षा जास्त मासे भरू नयेत, आणि पिशवीबरोबर शिंपल्यांच्या भरडीची एक पुडी आणि आपल्या फिल्टरमधल्या स्पंजाचा एक ओला तुकडाही द्यावा.